शाळेत 'डी' मिळालेली लेखिका

'हल्लीची पोरं वाचतच नाहीत' ही तक्रार मोबाईलपेक्षा बरीच जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतले शिक्षकही हेच रडगाणं गात होते, विशेषतः चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबद्दल. पण त्या मुलांपुढे वाचायला होतं तरी काय? मधल्या वयासाठी म्हणून जे मिळायचं त्यात बहुतेक वेळा शाळेच्या नाचाला कोणाबरोबर जायचं याची काळजी, नाहीतर घोड्यांच्या गोष्टी. घरी रोज मार खाणाऱ्या पोराने ते का वाचावं?

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात सुझन हिंटन नावाच्या शाळकरी मुलीला नेमका हाच राग होता. तिच्या शाळेत पैसेवाले आणि गरीब अशी पोरांची सरळसरळ टोळकी होती. तिच्या एका मित्राला शाळेतून घरी जाताना दुसऱ्या टोळक्याने बडवलं, आणि तिने लिहायला घेतलं. तेव्हा ती १५ वर्षांची होती. लिखाण चालू असतानाच वडिलांना मेंदूचा ट्यूमर झाला. आणि त्याच वर्षी शाळेत क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये तिला 'डी' मिळाला! (अप्रेझलमध्ये रडणाऱ्या माझ्या समस्त मित्रांनी नोंद घ्यावी :))

'द आउटसाइडर्स' १९६७ साली छापून आलं. मुलीने लिहिलंय हे कळलं तर पुरुष समीक्षक आधीच नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकाने नुसती आद्याक्षरं टाकली - एस. ई. हिंटन. सुरुवातीला खप बेताचाच होता. मग शिक्षकांच्या लक्षात आलं की ज्यांच्या हातात पुस्तक टिकत नाही ती पोरंसुद्धा हे संपवतात, आणि ते वर्गावर्गांत पोचलं.

का संपवतात? पोनीबॉय हा चौदा वर्षांचा मुलगा स्वतःच गोष्ट सांगतो, त्याच्या साध्या बोलीत. आईवडील अपघातात गेलेले, तिघे भाऊ एकटे राहतात, आणि काही गडबड झाली तर सरकारी माणसं धाकट्या दोघांना घेऊन जातील ही कायमची टांगती तलवार. चौथ्याच प्रकरणात खून. पुढचं सांगत नाही. माझ्या मते खरी गोम अशी की भाषा सोपी आहे, पण मजकूर पोरकट नाही. अडखळत वाचणाऱ्यांसाठी म्हणून काढलेल्या पुस्तकांत ससे आणि परी असल्या की पंधरा वर्षांच्या मुलाला ती उघडायचीच लाज वाटते. वाचायला अडखळत असला तरी तो पंधरा वर्षांचाच असतो ना!

तेरा वर्षांनी, म्हणजे १९८० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या लोन स्टार शाळेतल्या ग्रंथपाल जो एलन मिसाकियन यांनी मुलांच्या वतीने फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवलं. या पुस्तकावर सिनेमा काढा, एवढंच म्हणणं. सोबत मुलांच्या सह्यांची पानंच्या पानं. कोपोला म्हणजे 'गॉडफादर'वाला माणूस! त्याने हे पुस्तक वाचलेलंही नव्हतं. पण सह्या बघून वाचलं, आणि १९८३ च्या मार्चमध्ये सिनेमा आला. मॅट डिलन, पॅट्रिक स्वेझी, आणि तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला टॉम क्रूझ.

सिनेमा त्या ग्रंथपालांना आणि त्या शाळेच्या मुलांनाच अर्पण केलेला आहे. हिंटनबाई स्वतः एका छोट्याशा प्रसंगात नर्स म्हणून दिसतात. डोळे उघडे ठेवून बघा, पटकन निसटतात.