तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

प्रभू येशूने बारा शिष्यांना जोडीजोडीने पाठविले, तेव्हा त्यांच्या प्रवासाच्या सामानाची यादी ही मुख्यतः नकारांचीच यादी होती. भाकरी, झोळी, कमरपट्ट्यातला पैसा, काहीच बरोबर घ्यायचे नव्हते. संत मार्क काठी आणि वहाणा एवढी सवलत देतो. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात तीही उरत नाही. मग या माणसांना दोन घास घालणार कोण? वाटेवरचे घर. प्रेषितांच्या पाठवणीची ही सारी योजना कुणा अनोळखी गृहिणीच्या चुलीवर उभी होती. प्रवचनांतून आपण पाठविलेल्यांविषयी पुष्कळ ऐकतो. त्या घराविषयी फारसे कुणी बोलत नाही.

त्या घराची बाजू सांगणारे एक प्राचीन पुस्तक मात्र आहे. १८७३ मध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माधिकारी फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठाच्या ग्रंथालयात १०५६ सालचे एक हस्तलिखित सापडले. त्यात ‘दिदाखे’, म्हणजेच ‘बारा प्रेषितांची शिकवण’, हा छोटा ग्रंथ होता. १८८३ मध्ये तो छापला गेला. मूळ रचना पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बारा जणांनंतरही गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांना त्या काळी ‘प्रेषित’च म्हणत, आणि हा ग्रंथ बोलतो तो त्यांना दार उघडणाऱ्यांशी.

त्याची पहिली आज्ञा उदार आहे: आलेल्या प्रेषिताचे प्रत्यक्ष प्रभूसारखे स्वागत करावे. पण लगेच हिशेब सुरू होतो. त्याने एक दिवस राहावे, गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा. (तिसऱ्या दिवशीच्या पाहुण्याच्या अकलेविषयी आपल्याकडेही म्हण आहेच!) निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी त्याला द्यावी, पैसे मागितले तर तोही खोटाच.

संदेष्ट्यांची गोष्ट अधिक अवघड होती. आत्म्याच्या प्रेरणेने बोलणाऱ्याची परीक्षा घेणे हे पाप मानले जाई. मग ओळखायचे कसे? त्याच्या वागण्यावरून. प्रेरणेच्या भरात कुणी पान वाढायला सांगितले आणि स्वतःच जेवायला बसला, तर तो ढोंगी समजावा. दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल, तर त्याला कुणी दोष लावू नये. ही कसोटी लावायला विद्वत्ता लागत नाही. ज्या गावात कदाचित एखाद्यालाच वाचता येत असेल, तिथेही दिवस मोजता येत होते आणि ताटावर कोण बसले ते दिसत होते. मला या ग्रंथाचे मोठेपण इथे वाटते.

ही भीती काल्पनिक नव्हती. दुसऱ्या शतकातला लूशियन हा ख्रिस्ती नसलेला उपहासकार पेरेग्रिनुस नावाच्या एका माणसाची हकीकत सांगतो. पॅलेस्टाईनच्या ख्रिस्ती मंडळीत शिरून तो त्यांचा पुढारी झाला. तुरुंगात पडला, तेव्हा दूरदूरच्या नगरांतून बांधव मदत घेऊन आले आणि त्याची चांगलीच कमाई झाली. लूशियन या भाबडेपणाला हसतो. त्याच्या हसण्यातून नकळत एक साक्ष मात्र मिळते: फसवणुकीचा धोका असूनही दारे बंद झाली नव्हती.

गावात कायमचे राहू इच्छिणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसाने आपल्या कसबावर पोट भरावे, कुणीही आळशी राहू नये, असेही दिदाखे बजावते. ख्रिस्ताच्या नावावर पोट भरणाऱ्यासाठी त्यात ‘ख्रिस्ताचा व्यापारी’ अशा अर्थाचा एक झणझणीत ग्रीक शब्द आहे. संत पौलाला पोषणाचा हक्क होता, तरी करिंथमध्ये तो तंबू शिवून जगला, याची इथे आठवण होते.

खरा संदेष्टा गावात स्थायिक झाला तर मात्र द्राक्षकुंडाचे, खळ्याचे, गुराढोरांचे प्रथमफळ त्याला द्यावे. घरात पीठ मळले तरी पहिला वाटा त्याचा. आणि गावात संदेष्टाच नसेल, तर ते सारे गोरगरिबांना द्यावे.