रुक्मिणीची रखमा

तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवून बावड्यावरून सराटीकडे निघाली, की दिंड्यांतून 'विठोबा-रखुमाई'चा गजर ऐकू येतो. वारकरी रुक्मिणी म्हणत नाही, रखुमाई म्हणतो. आपल्या नीरा-भीमेच्या टापूतही जुन्या पिढीत रखमा हे नाव घरोघर ऐकू येई.

मूळ शब्द संस्कृत 'रुक्म', म्हणजे सोने. रुक्मिणी म्हणजे सोन्याने शोभणारी. ती विदर्भाच्या भीष्मक राजाची लेक. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे तिचे माहेर मानतात, आणि तिथूनही आषाढीला पालखी पंढरीस येते. तिच्या भावाचे नाव रुक्मी, तेही त्याच सोन्यातले! आता 'क्म' हे जोडाक्षर जिभेला अवघड. धर्माचे जसे धरम, रत्नाचे रतन, तसा इथेही मधे एक स्वर शिरला, 'क'चा 'ख' झाला, आणि रखुमा तयार झाली. तिला 'आई' जोडली की रखुमाई, 'बाई' जोडली की रखमाबाई. लाडाने रखू, रागाने रखमे. पुरुषांतसुद्धा रखमाजी हे नाव आहे बरं का!

ज्ञानोबांच्या आईचे नाव रुक्मिणी, वडिलांचे विठ्ठलपंत. म्हणजे जोडा पंढरीचाच. तुकोबांची पहिली पत्नी मात्र रखमाबाई. 1630च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात ती गेली.

पुढे हेच नाव न्यायालयात गाजले. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. नांदायला यावे म्हणून नवऱ्याने 1884 साली दावा लावला. 1887 साली न्यायालयाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद पत्करीन. 1888 साली तडजोड झाली. मग त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी बायकांवर उपचार केले. 1955 साली त्या वारल्या. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव कुठे रुक्माबाई, कुठे रुखमाबाई असे सापडते. धारिष्ट मात्र एकाच बाईचे!

रखमा हे रुक्मिणीचे बिघडलेले रूप, असे काही शिकलेली मंडळी समजतात. मला ते पटत नाही. शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी राहिलेले नाव अशुद्ध कसे म्हणावे? शिक्षक बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पोराने आईचे नाव रखमा सांगितले आणि गुरुजींनी 'शुद्ध' करून रुक्मिणी लिहिले, की घोटाळा सुरू झालाच. दाखल्यावर रुक्मिणी, मतदार यादीत रखमाबाई, सातबाऱ्यावर रखूबाई. एका बाईच्या तीन बाया होतात, आणि वारसनोंदीच्या वेळी लेकरांना प्रतिज्ञापत्रे करीत हिंडावे लागते. आता तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे, वडिलांच्या नावाआधी, आईचे नाव लागते. तेव्हा नाव लिहिण्याआधी त्या माउलीलाच विचारावे, बाई, तुमचे नाव कागदावर कसे आहे?