कॅमेऱ्यातून बुलडाणा जिल्ह्यातील शहरे

उंच इमारतींची क्षितिजरेषा शोधणाऱ्या छायाचित्रकाराची बुलडाणा जिल्ह्यात निराशा होईल. येथील शहरे दगड, पाणी आणि उतार यांच्या आधाराने टिपावी लागतात. दोन दिवसच हाती असतील तर पहिली सकाळ लोणारला द्यावी. वस्ती विवराच्या काठाला भिडलेली आहे. ईशान्य काठावरील धारेजवळ उभे राहिल्यास उगवता सूर्य पाठीशी येतो आणि समोरचा कडा उजळतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर साध्या भिंगात मावत नाही. कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चौकटीत आधीच्या चौकटीचा थोडा भाग घेत छायाचित्रे काढावीत व नंतर जोडावीत. जून २०२० मधील गुलाबी पाण्याची छायाचित्रे पाहून त्याच रंगाची अपेक्षा मात्र ठेवू नये. परिसर अभयारण्य असल्याने ड्रोनसाठी आधी परवानगी घ्यावी. गावातील दैत्यसूदन मंदिराचे शिल्पकाम तिरप्या उन्हातच उठून दिसते; भर दुपारी ते सपाट वाटते.

सायंकाळी सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार व मोती तलाव पाहावा. दुसरा दिवस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलडाणा शहरासाठी. राजूर घाट पावसाळ्यात सर्वांत देखणा. वळणावर वाहन थांबवण्याचा मोह मात्र टाळावा.