उसन्या पात्रांची लाज

होळी उलटली की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात बोहाड्याचे दिवस येतात. रात्रभर संबळ आणि पिपाणी वाजत राहते आणि मुखवटा चढवलेलं एकेक सोंग नाचत पुढे येतं. गणपती आणि शारदा आधी, मग नरसिंह, त्राटिका, मारुती, रावण, आणि अखेरीस जगदंबा व महिषासुराचं युद्ध. अनेक गावांत कोणतं सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचं याचा मान ठरलेला असतो आणि तो बापाकडून मुलाकडे येतो. नाचणाऱ्या वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी माणसांच्या हाती पोथी क्वचितच पडली असेल. पुराणांतली पात्रं त्यांनी ऐकली, आपली मानली आणि आपल्या चालीवर, आपल्या तालावर पुन्हा उभी केली. दुसऱ्याने घडवलेली आवडती पात्रं घ्यायची आणि पैशाची अपेक्षा न ठेवता, आपल्यासारख्याच चाहत्यांसाठी त्यांची गोष्ट पुढे न्यायची, या छंदाला आज फॅन फिक्शन म्हणतात. बोहाडा हे पालघर जिल्ह्यातलं त्याचं जवळचं आणि जुनं नातलग रूप आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झालेल्या तारापूरला किंवा कारखान्यांच्या बोईसरला, एखादीने आवडत्या मालिकेतल्या नायिकेवर स्वतः कथा लिहिली, तर ती वही उशाखालीच राहण्याचा संभव जास्त. ‘स्वतःचं काही सुचत नाही का?’ हा प्रश्न तिला ठाऊक असतो. या लाजेला जुन्या परंपरेचा आधार नाही, आणि तिचं खरं कारण उसनवारी हे तर नाहीच.

मराठी वाङ्मयाचा मोठा भाग उसन्या पात्रांवरच उभा आहे. एकनाथांनी भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत आणलं आणि पुढचा ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असं परंपरा सांगते. त्याच परंपरेत गावबा हा पुरणपोळीला हपापलेला, मंद समजला गेलेला मुलगा आहे. गुरूच्या शैलीत गुरूचीच गोष्ट पुढे नेणाऱ्या या चाहत्याला संप्रदायाने जागा दिली. एकनाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर महाभारताकडे वळला. श्रीधरांचे हरिविजय, रामविजय आणि पांडवप्रताप हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी रचले गेले आणि गावोगावी वाचले गेले. मोरोपंतांनी तर एकाच रामकथेची १०८ रामायणं रचल्याचं सांगितलं जातं. त्यातलं निरोष्ठ रामायण ओठांनी उच्चारायचं एकही अक्षर न वापरता लिहिलेलं आहे. कथेत नवं काही नाही, हे माहीत असूनही केवळ रचनेच्या आनंदासाठी पुन्हा पुन्हा तिच्याकडे जाणं हा छंदच नव्हे तर काय? मोरोपंतांना मात्र कोणी ‘तुमचं स्वतंत्र काय?’ असं विचारलं नाही. श्रोत्यांना राम ठाऊक होता, आणि हा कवी त्या रामाला काय करायला लावतो हे ऐकायलाच ते बसले होते.

‘स्वतंत्र काय?’ हा प्रश्न छापखान्याबरोबर आला. १८४७ साली कंपनी सरकारने लेखनहक्काचा कायदा केला. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली, आणि त्या नोंदीत लेखक, भाषांतरकार, संपादक अशी ओळख द्यावी लागे. गोष्टीला मालक लागला आणि स्वतंत्र कृतीची किंमत वाढली. तरीही उसनवारी लगेच बदनाम झाली नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ (१८८३) केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केलं, आणि त्यांचा मान त्यामुळे उणावला नाही. अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुलं’मध्ये समकालीन कवींची शैलीच उचलली, त्याचं तर कौतुक झालं. म्हणजे नव्या व्यवस्थेतही मोकळीक होतीच. ती कोणाला होती, हे पाहायला हवं.

१९६७ हे वर्ष इथे बरंच काही दाखवतं. त्या वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. कर्णाचं मन, कुंतीचं मन, वृषालीचं मन, महाभारताने न सांगितलेलं सारं तिथे पहिल्या पुरुषात बोलतं. आवडत्या पात्रावर अन्याय झाला असं वाटलं की चाहता जे करतो, तेच ते आहे. खांडेकरांनी ‘ययाती’त तेच केलं आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, सावंतांना पुढे भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला. त्याच १९६७ मध्ये अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ नावाचा हौशी अंक काढला, आणि तिथून त्या मालिकेच्या पात्रांवर कथा लिहिणाऱ्यांचा मोठा समुदाय वाढला. त्यात बायका बहुसंख्य होत्या, आणि त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने हसं आलं. दोन्हीकडे पात्रं दुसऱ्याचीच होती. एकीकडे ग्रंथ, प्रकाशक आणि प्राचीन महाकाव्याची प्रतिष्ठा होती, तर दुसरीकडे घरचा वेळ, टीव्हीवरची मालिका आणि मैत्रिणींचं वाचन. हिणवणूक या दुसऱ्या बाजूला चिकटली.

आपल्याकडे याचा सर्वांत ठसठशीत पुरावा जात्यावर आहे. पहाटे दळताना बायकांनी सीतेचा वनवास इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी रचला की त्याचं वेगळं रामायणच झालं. तिथे कैकयी ही छळणारी सासू आहे. ती सीतेकडून रावणाच्या अंगठ्याचं चित्र काढून घेते, उरलेला रावण पुरा करते आणि रामाच्या मनात संशय भरते. रानात सीता रडते तेव्हा तिची समजूत घालायला बोरी-बाभळी येतात, कारण दुसरं कोणी येत नाही. मूळ कथेने सीतेला जे बोलू दिलं नाही ते इथे दळणाऱ्या बाईने बोलून घेतलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. शतकानुशतकं त्यांना ‘बायकांची गाणी’ एवढंच स्थान होतं. त्यांतली एखादी ओवी ‘मृत्युंजय’च्या पानापुढे ठेवली तर कल्पनेची जात एकच दिसते, फक्त एकीला लेखकाचं नाव नाही.

बोहाड्याच्या वाट्याला आलेली उपेक्षाही याच कुळातली. डहाणू-तलासरीच्या वारल्यांकडून जमीनदार वेठ घेत होते. १९४५ च्या लढ्यात ती मोडली आणि गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो इतिहास लिहिला. ज्यांच्या श्रमावरही त्यांचा हक्क मानला जात नव्हता, त्यांचा रावणावर हक्क कोण मानणार? त्यांच्या सोंगांकडे शहरी नजरेने फार काळ रानटी करमणूक म्हणून पाहिलं. पुढे १९७० च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं शहरांच्या कलादालनांत गेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या पट्ट्यातली कला ही कला असल्याचं मान्य झालं. मान आला तो दालनाच्या भिंतीवरून. कुडाच्या भिंतीवर वारली बायका लग्नाचा चौक पिढ्यान्‌पिढ्या लिहीतच होत्या.

यावर पहिला आक्षेप भक्तीचा घेतला जाईल. बोहाडा हा विधी आहे, ओवी ही श्रद्धा आहे, मालिकेवरच्या कथा ही निव्वळ हौस आहे, मग तुलना कशी? फरक आहे, तो मी नाकारत नाही. जगदंबेचं सोंग घेणारा नवस-उपवास पाळतो, मालिकेचा चाहता पाळत नाही. पण बोहाड्यात त्राटिकाही नाचते, लोक तिला भितात आणि तिच्यावर खूशही होतात. ती खुशी पूजेत मावत नाही. जात्यावरची सीताही नुसती वंदनीय नाही, ती सासुरवाशीण आहे. आवड आणि श्रद्धा यांची फाळणी त्या माणसांनी केलेली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. राम सर्वांचा, पण आजच्या कादंबरीतलं पात्र एका जिवंत लेखकाचं असतं. १९५७ च्या आपल्या कायद्यानुसार आता त्याचा हक्क मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. सर्व्हान्टीसच्या ‘डॉन किहोटे’चा बनावट दुसरा भाग १६१४ साली कोणीतरी टोपणनावाने छापला, तेव्हा तो संतापला, आणि त्याचा संताप रास्त होता. पुस्तक विकण्यासाठी दुसऱ्याचं पात्र पळवणं ही चोरीच, इथे सवलत नको. पण मूळ लेखकाचं नाव उघड सांगून, एक पैसाही न घेता, मैत्रिणींना वाचायला दिलेली कथा कोणाच्या ताटातलं काय काढते? कायद्याचा प्रश्न कायद्याने सोडवावा. ज्या लाजेने वही लपवली जाते ती कायद्यातून आलेली नाही, कारण ती लपवणाऱ्या मुलीने कायदा वाचलेलाच नसतो.

उरतो दर्जाचा मुद्दा. असं लेखन बहुतेक कच्चं असतं, हे खरंच आहे. लाखभर ओव्यांतल्याही सगळ्या उत्तम नाहीत. पुष्कळशा एकाच साच्यातल्या आहेत. पण चांगली ओवी त्या गर्दीतूनच आली, कारण गाणारीला प्रत्येक ओळ सिद्ध करून दाखवायची नव्हती. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि संकलन बहुतांशी त्यानंतर सुरू झालं. तोवर किती गळ्यांबरोबर किती सीता गेल्या याचा हिशेब लागणार नाही. बोईसरच्या चाळीत किंवा पालघरच्या वसतिगृहात आज लिहिल्या जाणाऱ्या वह्या जमवायला अजून कोणी निघालेलं नाही, आणि लिहिणाऱ्या स्वतःच त्या रद्दीत घालत असतील तर जमवायलाही काही उरणार नाही.