धारचा नाग आणि देवासच्या बाई

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. मराठी कारभारी, शास्त्री आणि पंतोजी यांनी तेथे पिढ्यान् पिढ्या संसार थाटले. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख का. कृ. लेले हे त्यांतलेच. आज भोजशाला-कमाल मौला मशीद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूतील शिलालेखांकडे त्यांनी १९०३ च्या सुमारास विद्वानांचे लक्ष वेधले. मदनकवीचे 'पारिजातमंजरी' नाटक तेथेच शिळेवर कोरलेले आढळले. परंतु माझ्यासारख्या शिक्षकाचे पाऊल अडते ते दोन खांबांपाशी. अकराव्या-बाराव्या शतकांतील त्या खांबांवर नाग कोरले आहेत. एकाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि नामा-क्रियापदांचे मुख्य प्रत्यय. दुसऱ्यावर दहा लकारांचे प्रत्यय. सारे एका दृष्टिक्षेपात!

नवख्यासाठी वाट सोपी करण्याची ही तळमळ फार जुनी. अकराव्या शतकातच काश्मिरी सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त आपल्या पैठणची कथा सांगितली आहे. जलक्रीडेत राणीने 'पाणी उडवू नका' असे संस्कृतात विनविले; राजा सातवाहनाला संधी उलगडला नाही आणि त्याने मोदक मागविले! लज्जित राजाला व्याकरण शिकवायला गुणाढ्याने सहा वर्षे मागितली, तर शर्ववर्म्याने सहा महिने. त्यातून 'कातंत्र' व्याकरण झाले. कथेत तो कुमार कार्तिकेयाचा प्रसाद आहे. मला मात्र त्यातील पद्धत मोलाची वाटते. पाणिनीच्या सांकेतिक प्रत्याहारांऐवजी कातंत्र मुलाला आधीच ठाऊक असलेल्या वर्णमालेपासून आरंभ करते.

संगणकावरील देवनागरीचेही असेच. १९८६ साली प्रमाण ठरलेली 'इन्स्क्रिप्ट' कळरचना वर्णमालेवरच उभी आहे; क आणि ख एकाच कळीवर, तर स्वरचिन्हे डाव्या हाताला. पण ती संगणकात बसविण्याच्या सूचना? विसेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेत 'विंडोज एक्सपी' होते. वरून आलेल्या कागदावर पहिलीच ओळ होती, 'भाषा निवडा'. यादीत मराठी दिसेना. आधी भारतीय लिप्यांच्या फाइली बसवाव्या लागतात, त्यासाठी मूळ सीडी हवी आणि नंतर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, हे लिहिणाऱ्याला इतके अंगवळणी पडलेले की त्याने लिहिलेच नाही. देवासचे माहेर असलेल्या आमच्या ज्येष्ठ बाई दोन दिवस खटपट करून म्हणाल्या, "सर, हे आमच्या वयाचे काम नव्हे." निकालपत्रके त्यांनी हातानेच लिहिली. तो दोष बाईंचा नव्हता.

मग मी कागद नव्याने लिहिला. सीडी कोठे ठेवली आहे, येथपासून. पडद्यावर काय दिसेल आणि न दिसल्यास काय करावे, तेही. कळांवर रोमन अक्षरेच राहतील, घाबरू नये, ही ओळ बाईंच्याच सांगण्यावरून घातली. आताच्या विंडोजमध्ये मराठीसाठी सीडी लागत नाही, सेटिंगमध्ये भाषा जोडली की झाले. ती ओळ मात्र अजून लागते.

बाईंनी चष्मा सावरून एकेक कळ दाबली: ओ, एस, बी, ई, एम. पडद्यावर 'देवास' उमटले.