गहाणाची नोंद कोणासाठी?

गहाण ठेवणे याला आपल्या घरांत 'रेहन' म्हणतात. शब्द अरबी, कुरआनातलाच. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. प्रवासात लिहिणारा मिळाला नाही तर तारण घ्यावे, असेही. हजरत पैगंबरांनी (स.) मदीनेत आपले चिलखत एका यहुदी माणसाकडे ठेवून घरासाठी जव घेतल्याची हदीस प्रसिद्ध आहे. म्हणजे वस्तू गहाण ठेवण्यात कमीपणा नाही. खोट असते ती सूदात आणि कागदात. सूदावर आपल्याकडे पुष्कळ तकरीरी होतात. कागदाविषयी मात्र कोणी बोलत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लूट झाली, पण सगळा रोख खतपत्रांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. हाती लागले ते त्यांनी जाळले. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत जागोजागी हेच घडले. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसांना एक गोष्ट पक्की समजली होती, की आपल्याला बांधून ठेवतो तो कागद, आणि तो एकट्या सावकाराच्या पेटीत आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर व्हावे, फेडीची लेखी पावती मिळावी, सालाचा हिशेब आणि पासबुक मागता यावे, अशी त्यात तरतूद होती. हक्क चांगलाच होता. पण ज्याच्याकडून पुढच्या पेरणीला पुन्हा पैसे घ्यायचे, त्याच्याकडे पासबुक मागायची हिंमत किती जणांना होणार?

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. व्याज मुदलापेक्षा जास्त वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा भाग मानला जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयाने तो मूळ कर्जदार हिंदू असेल तरच लागू केला. ज्यांच्या धर्मात सूदच हराम, त्या मुसलमान कर्जदाराला सूदाची ही मर्यादाही मिळाली नाही! १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सर्व धर्मांच्या कर्जदारांसाठी ती मर्यादा घातली. त्याच कायद्याने सावकाराला परवाना, रोजकीर्द, खातेवही आणि कर्जदाराला लेखी विवरण देणे सक्तीचे केले.

१९७५ मध्ये महाराष्ट्राने आणखी पुढचे पाऊल टाकले. लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर, मजूर यांची कर्जे रद्द झाली आणि गहाण वस्तू परत करण्याचे बंधन आले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सोने हा केंद्राचा विषय आहे, असाही त्यांचा युक्तिवाद होता. १९७७ मध्ये फत्तेचंद हिम्मतलाल खटल्यात न्यायालयाने कायदा उचलून धरला.

१९४६ च्या कायद्याची जागा २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने घेतली. शेतकऱ्याला तारणी कर्जावर सालिना ९ टक्के आणि इतरांना १५ टक्के, असे दर तेव्हा ठरवण्यात आले. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे शासनाने माफ केली. तेव्हाही कागदच आडवा आला. सावकाराने आपल्या परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेले कर्ज सुरुवातीला माफीत बसत नव्हते. चूक सावकाराची, आणि दागिना अडकला शेतकऱ्याच्या बायकोचा.

आता वहीची जागा संगणक घेतो आहे. अमेरिकेत बऱ्याच शहरांत गहाणाच्या दुकानदाराला वस्तूचे वर्णन व गिऱ्हाइकाची ओळख पोलिसांना कळवावी लागते. पूर्वी कागदी चिठ्ठ्या जात, २००० नंतर हे काम अधिकाधिक संगणकावरून होऊ लागले. चोरीचा माल सापडतो, हे खरे. पण औषधासाठी अंगठी ठेवणाऱ्याचे नावही चोराच्या शोधयादीत जाऊन बसते. आपल्याकडे बँका व सोनेतारण कंपन्या कर्जाची माहिती पत मोजणाऱ्या संस्थांना पाठवतात; १ जानेवारी २०२५ रोजी हे दर पंधरवड्याला करण्यात आले होते. हप्ता चुकला की देशभरच्या बँकांना कळते. सावकाराच्या वहीतले गहाण या जाळ्यात येत नाही.

जून महिन्यात वह्या-गणवेशाच्या खर्चासाठी आमच्या विद्यार्थ्यांच्या आया बांगड्या ठेवतात. पुष्कळ जणींना फक्त उर्दू वाचता येते आणि पावती असते इंग्रजीत. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सोनेतारणाचे नवे नियम केले आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत ते लागू करायला सांगितले. त्यांनुसार अटी प्रादेशिक भाषेत किंवा कर्जदाराने निवडलेल्या भाषेत सांगायच्या आहेत. कर्जदार निरक्षर असेल तर बाहेरचा साक्षीदार हजर हवा. पूर्ण फेडीनंतर सात कामाच्या दिवसांत दागिना परत करायचा आहे. सावकाराच्या चुकीने उशीर झाला तर नव्हे, तर बँक वा कंपनीच्या चुकीने झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई आहे. कारण हे नियम बँका-कंपन्यांनाच लागू आहेत. सावकाराकडे गेल्यावर राज्याचा २०१४ चा कायदा लागतो आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावी लागते. आमच्या ओळखीच्या बहुतेक आया सावकाराकडेच जातात. तो घराजवळ असतो आणि उर्दूत बोलतो.