मोहाचा फ्लोट

मोहाचा फ्लोट : मोहफुलांचा पाक, मोहाचे मद्य, सोडा आणि आइस्क्रीम यांपासून शरद ऋतूत करता येण्याजोगे मद्ययुक्त गोड पेय. फ्लोट हा प्रकार अमेरिकेतला. सोड्यात आइस्क्रीमचा गोळा सोडण्याचे श्रेय बहुधा फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ग्रीन याला आणि 1874 या वर्षाला दिले जाते. मराठी वाचकाला त्याची ओळख पुण्याच्या मस्तानीतून आहे, फक्त मस्तानीत सोड्याऐवजी घट्ट दूध असते. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांच्या खाद्यपरंपरेत फ्लोट नाही, आणि तो तिथलाच असल्याचा आव आणण्याचे कारणही नाही. तरी महाराष्ट्रात शरदाचा मद्ययुक्त फ्लोट करायचा तर त्याचा कच्चा माल याच पट्ट्यात शोधावा लागतो, आणि तो माल नीट पाहिला तर कृतीचा क्रम ठरतो: फूल आधी, दारू नंतर. बाटलीतले मद्य आइस्क्रीमवर ओतून मोकळे होणारी कृती चवीलाही उणी पडते आणि मोहाच्या स्थानिक वापरालाही धरून नसते.

मोह फाल्गुन-चैत्रात फुलतो, मग त्याचे पेय शरदाचे कसे, ही पहिली शंका रास्त आहे. उत्तर साठवणीत आहे. मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ केलेली असते, आणि उन्हे वर येण्याआत फुले टोपलीत वेचली जातात. अंगणात चार-पाच दिवस वाळली की ती आक्रसून तपकिरी, मनुक्यासारखी चिवट होतात आणि हवाबंद राहिली तर पावसाळा काढतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा असतो. भाताची आणि नागलीची कापणी सुरू होते, वाघबारस आणि दिवाळी येते, करांदे उकडले जातात, तारपा वाजू लागतो, तेव्हा घरात जे गोड उरलेले असते त्यात हे फूल असते. शरदात झाडावरचा ताजा मोह मिळत नाही, साठवणीतला मिळतो, आणि पाकासाठी वाळलेले फूलच सोयीचे, कारण ताज्या फुलात पाणी फार आणि वास उग्र.

मोह म्हणजे दारू हे समीकरण शहरी आहे. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी आणि ठाकर या समाजांच्या या प्रदेशात मोहाची फुले उकडून, भाजून, पिठात मळून खाल्ली जातात, बियांचे तेल काढले जाते आणि झाड सहसा तोडले जात नाही. दारूचे स्थान त्यात आहेच. देवाला आणि पूर्वजांना तिची धार वाहतात, लग्नात आणि सणात ती पाहुण्याला दिली जाते. पण दारू हा त्या झाडाच्या अनेक उपयोगांपैकी एक. तो एकमेव दिसू लागला यात कायद्याचा हात मोठा आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्टी गुन्ह्यात ढकलली आणि दारू मक्तेदाराच्या दुकानातून घेणे भाग पाडले. तेवढ्याने भागेना म्हणून 1892 च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलावरच निर्बंध घातले. त्या काळी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा. सरकारच्या लेखी फुलाचा उपयोग एकच होता, त्यामुळे खाण्यासाठी साठवलेली टोपलीही संशयास्पद ठरली. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरील नियंत्रण चालूच राहिले. फुले गोळा करणे, बाळगणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये उठवले. परवान्याविना दारू गाळणे मात्र आजही गुन्हा आहे. म्हणजे फुलाचा पाक करणे निर्वेध आणि भट्टी लावणे बेकायदा. कृतीत फुलाला अग्रक्रम देण्याचे हे एक रोकडे कारण.

दुसरे कारण रसायनाचे. आइस्क्रीम म्हणजे बर्फाचे स्फटिक, स्निग्धांश, प्रथिने, साखर आणि हवा यांची गोठलेली जाळी. तिच्यावर मद्य थेट ओतले की गोठणबिंदू उतरतो, जाळी कोसळते आणि गोळा तरंगायच्या आत पातळ होतो. जोडीला लिंबूही असेल तर दूध फाटल्यासारखे कण दिसतात. उलट पाक सोड्यात मिसळला की गोडवा आणि मोहाचा वास पेयात उतरतो आणि मद्य थोडे पुरते. सोड्यातला कर्बवायू आइस्क्रीमच्या खरबरीत पृष्ठभागावर सुटतो, दुधातली प्रथिने त्या बुडबुड्यांभोवती पातळ आवरण धरतात आणि पेल्याच्या काठावर जो मऊ फेस चढतो तोच फ्लोटचा प्राण. मद्य जास्त झाले की हा फेस चढता चढता बसतो.

कृती अशी. शंभर ग्रॅम वाळलेली फुले निवडून आतले पुंकेसर काढावेत, कारण कडवटपणा आणि घशाला लागणारी कचकच त्यांचीच. वाळू जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुवावीत. तीनशे मिलिलिटर पाण्यात वीस मिनिटे मंद आचेवर उकळून, गाळून, मधाहून थोडा पातळ होईतो पाक आटवावा. उकळताना उग्र वास बराच उतरतो आणि मनुका, गूळ व किंचित धूर यांच्या मधली चव उरते. वेगळी साखर लागत नाही. आइस्क्रीम साधे दुधाचे किंवा भाजलेल्या नागलीच्या पिठाचे असावे. व्हॅनिलाचा तीव्र वास मोहाला झाकतो. थंडगार उंच पेल्यात वीस मिलिलिटर पाक आणि तीस मिलिलिटर परवानाधारक भट्टीचे मोहाचे मद्य ढवळावे, एकशे तीस मिलिलिटर बर्फगार सोडा पेला तिरपा धरून सोडावा आणि शेवटी साठ ग्रॅमचा घट्ट गोळा अलगद ठेवावा. भारतीय बाटलीतल्या नेहमीच्या 42.8 टक्के मद्यार्काच्या हिशेबाने गोळा वितळण्याआधी हे पेय सात टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे कडक बिअरइतके. गोडपणामुळे ते तितके जाणवत नाही, हा त्याचा धोका.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप चवीचा नाही. दारूने या डोंगरातली घरे मोडली आहेत, तिला आइस्क्रीमचा साज कशाला, असे कोणी विचारले तर प्रश्न झटकून टाकता येत नाही. 1922 मध्ये ठाण्याच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी स्वतःहून दारू-ताडी सोडली होती, आणि त्यात मोहाच्या दारूला सूट नव्हती. मात्र त्या चळवळीचा रोख कुणावर होता हेही पाहिले पाहिजे: उधारीवर दारू देऊन जमीन आणि मजुरी गिळणाऱ्या दुकानदारावर. आज हातभट्टी म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे काळा गूळ आणि नवसागर यांचे असते, मोहाचा त्यात नावापुरताही अंश नसतो. 2004 मधील विक्रोळीच्या आणि 2015 मधील मालवणीच्या दारूकांडांत माणसे मेली ती मिथेनॉलमुळे. यावरून मोहाची दारू निरुपद्रवी ठरत नाही. मद्यार्क तो मद्यार्कच. एवढेच ठरते की अपायाचे माप फुलावरून काढता येत नाही, प्रमाणावरून आणि विक्रीच्या पद्धतीवरून काढावे लागते. तीस मिलिलिटरची मर्यादा आणि पाकाचा आधार या आक्षेपाला पूर्ण उत्तर देत नाहीत, पण त्याची दखल घेतात.

दुसरा आक्षेप असा की आदिवासींचे फूल घेऊन शहरी पेला सजवणे ही निव्वळ उचलेगिरी. हा आक्षेप बाटलीला जास्त लागू पडतो. गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, 2016 मध्ये राज्याने तिला वारसा पेय ठरवले, आणि गावठी म्हणून हिणवलेले पेय पर्यटकाच्या पेल्यात मानाने गेले. मोहाच्या बाबतीत मध्य प्रदेशाने त्या दिशेने धोरण आखले. 2018 पासून ‘डेस्मंडजी’ या नावाने, आणि पुढे पालघर जिल्ह्यातल्याच डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीकडून ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाचे महागडे मद्य बाजारात आले. त्या किमतीतला किती पैसा वेचणाऱ्या बाईच्या हाती जातो हे बाटलीवर लिहिलेले नसते. वाळलेले फूल मात्र जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या बाजारात तिच्याकडून थेट घेता येते आणि पैसे तिथेच चुकते होतात. पेल्यातला मद्याचा वाटा कमी आणि पाकाचा वाटा ठळक ठेवण्याचा हा तिसरा लाभ, आणि तिन्हींत व्यवहारी तोच.

महाराष्ट्रात अशा कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. मुलांसाठी मद्य वगळून पाक तीस मिलिलिटर करावा. चवीत फारसे उणे येत नाही, फेस उलट अधिक टिकतो. आणि मद्य घातलेला फ्लोट प्यायचा असेल तर मुक्कामाच्या ठिकाणीच प्यावा, तो पिऊन जव्हारचा घाट गाडीने उतरू नये.